बटणांचा बस्ता

तमाम सुजाण नागरिकांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, लातूर येथील एका रक्त-लघवी तपासणी केंद्रात, दिवसाढवळ्या, पंखा चालू असताना, तीन शिकल्यासवरल्या पुरुषांनी एका मुलीचा विरोध डावलून, पूर्ण शुद्धीत राहून, एक बटण निवडले. बटणाचा रंग मोरपंखी होता. त्याला खालच्या बाजूने सावली होती आणि त्यावर बाण नेला की ते लाजल्यासारखे किंचित वर उचलले जात असे. सदर कृत्यात कोणीही मद्यप्राशन केलेले नव्हते. तिघांपैकी एक मी होतो आणि त्या दिवशीची वाहवा मलाच मिळाली होती, सबब हे निवेदन करण्याची जबाबदारीही माझीच.

संपलं निवेदन. आता मी चिडणार आहे आणि पुरता चिडणार आहे, कारण इतक्या महिन्यांनीही ते बटण आठवलं की माझी कानशिलं तापतात.

नांदेडला माझं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. खाली पंक्चरवाला, वर आम्ही. जिना एकच असल्यामुळे आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक हातात ट्यूब घेऊन येतात आणि आमची तोंडं बघून परत खाली जातात. लातूरच्या त्या तपासणी केंद्राचं काम मिळालं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. रुग्णाची नोंद, कोणकोणत्या तपासण्या, अहवाल, सगळं एका वेबवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं होतं. त्यांच्याकडे आधीपासून एक जुनाट प्रोग्रॅम होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, कोणी केला होता ते कोणालाच आठवत नव्हतं. तो बघून मी इतका हसलो की डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

आता असलं सॉफ्टवेअर बांधताना प्रत्येक बटण, प्रत्येक रकाना, प्रत्येक यादी कोणी हातानं घडवत बसत नाही. तयार भागांचे संच मिळतात. घर बांधताना दारं-खिडक्या तयार आणतात ना, तसं. आमच्या धंद्यात त्याला कंपोनंट लायब्ररी म्हणतात. जगात त्या ढिगानं आहेत आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की देखणी ती हीच. पण एकदा निवडली की निवडली. पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहतं. मध्येच बदलायची म्हणजे छत तसंच अधांतरी धरून खालच्या भिंती बदलायच्या.

आमच्याकडे एक मुलगी आहे, हदगावची. ऑफिसातलं सगळ्यात चांगलं डोकं तिचं, हे मी तिच्यासमोर कधी म्हणत नाही. तिनं दोन संच काढून ठेवले होते. एक मोरपंखी, देखणा, हलणारा-डुलणारा. दुसरा दिसायला सरकारी अर्जासारखा, राखाडी चौकटी, जाड कडा, काहीही हलत नाही. तिचं मत दुसऱ्याला होतं.

“सर, पहिला चांगला चालून नाही राहिला,” ती म्हणाली. “पुढच्या रकान्यात जायला टॅब दाबला की कर्सर कुठं जातो ते कळत नाही. यादीतून निवडायला माऊसच लागतो. एकदा माऊस काढून चालवून बघू.”

मी काय म्हणालो ते अक्षरशः देतो. मी म्हणालो, “अगं, उद्या दाखवायचा दिवस आहे. चालवायचा नाही.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. बावीस वर्षं धंदा केलेल्या माणसाच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये दरबार भरला. भिंतीवर भला मोठा टीव्ही. डॉक्टर खुर्चीत, त्यांच्या शेजारी त्यांचे मेहुणे. मेहुण्यांचं उदगीरला कापडाचं दुकान, तेही लग्नाच्या बस्त्यासाठी नावाजलेलं. डॉक्टरांच्या घरात पडद्याच्या रंगापासून गाडीपर्यंत सगळं मेहुण्यांच्या नजरेखालून जातं. त्यांनी मांडी घातली. सोफ्यावर, बुटांसकट, मांडी. तेव्हाच मला कळायला हवं होतं की इथं सॉफ्टवेअरची बैठक नसून बस्ता होणार आहे.

बस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी गादीवर बसतात. दुकानदार साडी उलगडतो, फर्रकन पदर टाकतो आणि ती स्वतःच्याच खांद्यावर घेऊन आरशासमोर उभा राहतो. मिशीवाला, पोट सुटलेला तो माणूस शालू लेवून वळतो, मुरडतो, आणि मंडळी म्हणतात, वा, खुलून दिसतो! जिला तो शालू नेसून अख्खा दिवस उभं राहायचं असतं ती एका कोपऱ्यात सरबत पीत बसलेली असते. तिला कोणी विचारत नाही, की बाई, जड होतोय का?

त्या दिवशी शालू माझ्या खांद्यावर होता. आणि मी काय मुरडलो म्हणता! एका हातात माऊस, दुसरा हात हवेत. बटणावर बाण नेला, ते उचललं गेलं. यादी उघडली, ती पाण्यासारखी खाली ओघळली. जन्मतारखेच्या रकान्यावर टिचकी मारली आणि त्यातून आख्खं कॅलेंडर निऱ्या सुटाव्यात तसं उलगडलं.

“ओहोहो,” मेहुणे पुढे सरकले. “डॉक्टर, पडतंय कसं बघा की ओ! पुन्हा एकदा करा साहेब तेवढं.”

मी पुन्हा केलं. पाच वेळा केलं.

“आता दुसरं दाखवा.”

हदगावच्या मुलीनं राखाडी संच लावला. मेहुण्यांनी ओठ मुडपले. “हे म्हणजे मांजरपाट झालं. टिकंल खरं, पण पाहुण्याफुडं काढता येत नाही.”

“काका,” मुलगी म्हणाली, “ह्याच्यात सगळं कीबोर्डवर होतं.”

“आगं माय, कीबोर्ड तर टेबलावर असतो, दिसतो कुणाला?” मेहुणे म्हणाले. डॉक्टर हसले. आणि मीही हसलो.

तेवढ्यात दार लोटून अक्का आत आल्या. अक्का म्हणजे नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई. केंद्र उघडलं त्या दिवसापासून त्या त्या खिडकीत आहेत. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, चष्मा दोरीला, आणि औशापासून निलंग्यापर्यंतचं प्रत्येक आडनाव तोंडपाठ. एका कागदावर सही हवी होती. डॉक्टर सही करेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, टीव्हीवर मोरपंखी बटण वरखाली होत होतं ते पाहिलं आणि म्हणाल्या, “छान हाय की.” कागद घेतला आणि गेल्या.

“बघा,” डॉक्टर म्हणाले, “अक्कांनाही पसंत आहे.”

झालं. नवरीची पसंती नोंदवली गेली. किती वेळ? एक सही व्हायला लागतो तितका वेळ.

सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिले काही दिवस मी नांदेडात सगळ्यांना मोबाईलवर ते बटण दाखवत हिंडलो. खालच्या पंक्चरवाल्यालाही दाखवलं. तो म्हणाला, “भारी हाय, पण दाबल्यावर काय होतंय?” मी त्याच्या अडाणीपणाची गंमत इतरांना सांगितली.

मग एके दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आवाज एकदम गोड.

“सॉफ्टवेअर फर्स्टक्लास हो. मेहुण्यांनी तर चार जणांना सांगितलंय. फक्त एक, खिडकीवर जरा गर्दी साचायलीय. अक्कांचं आता वय झालं. हात चालत नाही. परवा औशाकडचा एक म्हातारा अगदी खिडकीसमोर चक्कर येऊन पडला, भुवईला टाके घालावे लागले, तरी अक्कांचं लक्ष नाही. म्हणून एक तारखेपासून त्यांना आत बाटल्यांना लेबलं लावायला बसवतोय. खिडकीवर नवीन मुलगी घेऊ.”

मी म्हणालो, “होतं असं, साहेब.”

लोकहो, मला डॉक्टरांचा राग येतो, मेहुण्यांचा येतो, त्या मोरपंखी संचाच्या कर्त्याचा येतो, मग तो जगाच्या पाठीवर जिथं कुठं असेल तिथं त्याला उचकी लागो. पण ‘होतं असं, साहेब’ म्हणणाऱ्या माणसाचा जितका येतो तितका कोणाचाच नाही. त्याला मी रोज सकाळी दाढी करताना बघतो.

फोन ठेवला. हदगावची मुलगी माझ्याकडं बघत होती. फोन स्पीकरवर होता. कौतुक सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मीच ठेवला होता.

“सर, तुम्ही ‘होतं असं’ म्हणालात?”

“मग काय म्हणू?”

“टॅब चालत नाही म्हणा.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं लातूरला निघालो. वाटेत लोह्याच्या स्टँडवर मी चहा विचारला तर मानेनंच नाही म्हणाली.

केंद्रासमोर रांग जिन्यापर्यंत आलेली. सगळी उपाशीपोटी, कारण साखर तपासायची तर खाऊन चालत नाही. मी अक्कांना म्हणालो, “अक्का, उठा जरा. आज मी बसतो.”

“बसा की. माझे चारच दिवस ऱ्हायलेत इथं,” त्या म्हणाल्या आणि माझ्यामागं उभ्या राहिल्या. तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

पहिल्या आजी आल्या. नाव लिहिलं. टॅब दाबला. कर्सर गेला. कुठं गेला? माहीत नाही. आपण कोणत्या रकान्यात आहोत हे दाखवणारी जी निळी कडा असते, ती आमच्या देखण्या संचात काढून टाकलेली होती. शोभा जाते म्हणून. मी माऊस धरला. गाव. यादी ओघळली. तिच्या ओघळण्याला इथं भलताच वेळ लागतो, कारण खिडकीवरचा संगणक जुना, टीव्हीला लावलेला माझा लॅपटॉप नवा. मग जन्मतारीख.

“आजी, जन्मतारीख?”

आजी अशा सुरात बोलल्या की जणू मी त्यांच्या आईचा पत्ता विचारला होता. “ती कुनी लिवून ठिवली बाबा? भूकंपाच्या साली मला पयला नातू झाला.”

“बहात्तर लिवा,” अक्का मागून म्हणाल्या. अर्धा सेकंदही गेला नव्हता.

पण बहात्तर लिहायला रकानाच नव्हता. जुन्या निळ्या पडद्यावर वयाचे दोन आकडे होते. आम्ही ते काढून कॅलेंडर बसवलं होतं, कारण ते उलगडतं. आता ते उलगडलं. आजच्या महिन्यावर. तिथून मागं जायचं तर वरच्या बारीक अक्षरावर टिचकी, मग वर्षांच्या पाट्या एकामागून एक मागं ढकलायच्या, मग महिना, मग दिवस. आजींचा जन्म मी एक जानेवारीला घडवून आणला. मागून अक्का हळूच म्हणाल्या, “मी बी तेच करते. ह्या कम्पुटरमधी सगळा लातूर जिल्हा एक जानेवारीला जलमलाय.”

सहाव्या माणसापर्यंत माझ्या पाठीला घाम फुटला होता. आणि मग मला ते कळलं, जे पहिल्याच भेटीत दिसलं होतं पण मी पाहिलं नव्हतं. या सहा माणसांपैकी एकाचंही तोंड मी बघितलं नव्हतं. माझे डोळे पडद्याला शिवलेले होते. पहिल्या भेटीत मी अक्कांच्या मागं उभा राहून वहीत लिहिलं होतं, ‘ऑपरेटर अनुभवी’. त्या निळ्या पडद्याकडं त्या बघतच नसत. बोटं खाली चालायची आणि नजर खिडकीबाहेर. कोणाचे ओठ पांढरे पडलेत, कोण गजाला धरून उभं आहे, कोणाला आधी आत घ्यायचं, हे सगळं त्या नोंद करता करता बघायच्या. उपाशी माणसांची रांग त्यांनी वीस वर्षं अशी नजरेनं उभी धरली होती. औशाचा तो म्हातारा पडला, तेव्हा त्या कॅलेंडरात त्याचं साल शोधत होत्या.

“लेबलाचं काम सोपं हाय म्हणतेत,” अक्का म्हणाल्या. “पर आत बसलं की मानूस दिसत न्हाई. नुसत्या बाटल्या.”

मी उठलो आणि डॉक्टरांना बोलवायला गेलो. नशीब बघा, मेहुणेही आलेले. त्यांच्या आईची, म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाईंची, साखर तपासायची होती. सासूबाई मागच्या दारानं आत बसलेल्या. मी म्हणालो, “साहेब, सासूबाईंची नोंद आज तुमच्या हातानं होऊ द्या. खिडकीवर या.”

डॉक्टर खुर्चीत बसले. मी वाकून माऊसची वायर उपसली आणि माऊस खिशात घातला.

“हे काय?”

“अक्कांना तो कधीच लागला नव्हता, साहेब. तुम्ही तर डॉक्टर.”

रांगेतले लोक पुढं सरकले. फुकटचा तमाशा कोण सोडतंय. डॉक्टरांनी सासूबाईंचं नाव लिहिलं, टॅब दाबला, गाव लिहिलं, ते फोनच्या रकान्यात उमटलं. एंटर दाबला, यादी ओघळली, बंद होईना. पुन्हा एंटर. अख्खा फॉर्म एका सुंदर हेलकाव्यासह कोरा झाला.

“डॉक्टरसायब, कुठं अडलं घोडं?” रांगेतून एकजण.

“उपाशी हाव ओ आमी! नाष्टा करून येऊ का?” दुसरा.

डॉक्टरांचे कान लाल झाले. पुन्हा पहिल्यापासून. कसंबसं कॅलेंडर उघडलं.

“आईंची जन्मतारीख काय हो?” त्यांनी मेहुण्यांना विचारलं.

मेहुणे छताकडं बघायला लागले. “तसं... सुगीचे दिवस होते म्हणते ती.”

डॉक्टर बाणाची कळ दाबू लागले. कॅलेंडर एकेक दिवस मागं जाऊ लागलं. एकेक दिवस! आज, काल, परवा, तेरवा... सासूबाईंच्या जन्मापर्यंत. दहा-पंधरा वेळा दाबून त्यांनी हात आपटला आणि ओरडले, “अहो, हे असलं निवडलं तरी कोणी?”

मेहुणे अजून छतावरच होते. मी हात वर केला. हदगावच्या मुलीनं तो केला नाही, आणि तो न करण्याचा हक्क तिथं फक्त तिलाच होता.

यानंतर डॉक्टरांनी अक्कांची माफी मागितली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. ते एवढंच म्हणाले, “लेबलांचं बघू नंतर.” ‘वय झालं’ हे शब्द त्यांनी आजतागायत मागं घेतलेले नाहीत, आणि ते आठवून मी आजही ताटावरून उठतो.

पण भिंती बदलायला, म्हणजे संच नव्यानं निवडायला, त्यांनी परवानगी दिली. तोवर जुना निळा पडदा पुन्हा लावला आणि अक्का खिडकीत बसल्या. काम हदगावच्या मुलीनं हातात घेतलं, मी तिचा मदतनीस. तिनं आधी मोरपंखी संचालाच ठिगळं लावून पाहिली. एक यादी दुरुस्त केली की दुसरी बिघडायची. त्या संचात माऊसशिवाय कोणी असेल हे गृहीतच धरलेलं नव्हतं. मग तिनं तिचा राखाडी संच घेतला, आणखी एक घेतला, आणि निवड कशी करायची ते तिनं ठरवलं. माझं आयुष्य या धंद्यात गेलं, पण अशी परीक्षा मी कुठं पाहिली नाही. तिनं अक्कांना संगणकासमोर बसवलं, पाठच्या खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि पडद्यावर टाकला. पडदा पुरता झाकला.

“अक्का, आता करा नोंद.”

“आता? आंधळ्यावानी?”

“रोज करता तशी.”

दोन संचांची झाकून परीक्षा झाली. एकात अक्का दोनदा अडकल्या. राखाडीत मी समोर उभा राहून पाच खोट्या रुग्णांची नावं, गावं, वयं सांगितली. टॉवेल काढला तेव्हा पाचही नोंदी जिथल्या तिथं होत्या. वयाचे दोन आकडे, गावाची पहिली दोन अक्षरं, तपासणीचे जुनेच क्रमांक, एंटर, एंटर. संच निवडला गेला, आणि निवडताना त्याचा पदर कोणाच्याच खांद्यावर नव्हता.

नवा संच सुरू झाला त्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम लातूरला गेलो. रांग होती, पण चालती. अक्कांची बोटं खाली, चष्मा दोरीवर लोंबतोय. लेबलांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

आणि मेहुणे आले. माणूस काही सुधारत नाही. हातात मोबाईल, मोबाईलवर रंगांची पट्टी. खिडकीच्या आतल्या बाजूनं अक्कांच्या खांद्यावर वाकून म्हणाले, “अक्का, एवढं राखाडी बरं न्हाई वाटत. तुमच्या पसंतीनं करू. सांगा, मोरपंखी ठेवू का राणी कलर?”

अक्कांची बोटं थांबली नाहीत. मानही वळली नाही. त्या रांगेच्या पार शेवटी, जिन्याच्या तोंडाशी कुठंतरी बघत होत्या, आणि तिकडं बघत बघतच एवढ्यांदा ओरडल्या की केबिनमधून डॉक्टर बाहेर आले:

“कंचाबी द्या की ओ, मी कुठं बघते तिकडं! अवो पागोटेवाले मामा, त्या हिरव्या लुगड्याच्या म्हातारीला धरा आधी, पडायलीय ती!”